उशीर नेमका कुठे होतो? गोव्यातल्या पहिल्या छापखान्यापासून ऑफिसातल्या प्रिंटरपर्यंत



आजचा विषय ऐकायला अगदी घरगुती आहे. ऑफिसात लॅपटॉपवरून प्रिंट द्यायची आणि कागदाची वाट पाहत बसायचं, हा अनुभव इथे बसलेल्या बहुतेकांना असेल. बँक असो, शाळेचं कार्यालय असो, पंचायत समिती असो किंवा वकिलाची कचेरी असो. प्रिंटरच्या खोक्यावर लिहिलेलं असतं, मिनिटाला ३० पानं. म्हणजे एका पानाला दोन सेकंद. आणि प्रत्यक्षात एक पान हातात यायला दीड मिनिट लागतं. मग प्रश्न असा की उरलेली ८८ सेकंदं गेली कुठे?

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने या प्रश्नात का पडावं, असं तुम्ही विचाराल. पडावं, कारण हा कार्यकारणाचा प्रश्न आहे. एक परिणाम दिसतो आहे, त्याची दहा कारणं दहा माणसं सांगतात, आणि त्यातलं खरं कोणतं हे ठरवायची पद्धत कुणाजवळ नसते. मग कुणीतरी म्हणतं, "प्रिंटर जुना झालाय, नवा मागवा." नवा येतो. चार दिवस बरं वाटतं. पाचव्या दिवशी पुन्हा दीड मिनिट.

मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. छपाईतला उशीर यंत्राच्या पोटात फार थोडा असतो. तो असतो सांध्यात. लिहिणारा आणि छापणारं यंत्र यांच्यामध्ये जिथे एकाची भाषा दुसऱ्याला कळेल अशी करावी लागते, किंवा एकाचा निरोप दुसऱ्यापर्यंत पोचवावा लागतो, तिथे तो असतो. ही गोष्ट आजची नाही. आपल्या मुलखात छपाईचं यंत्र आलं त्या दिवसापासूनची आहे. म्हणून आधी थोडं मागे जाऊ.

आपल्या देशात छपाईचं यंत्र पहिल्यांदा उतरलं ते इथून दक्षिणेला, गोव्यात, सप्टेंबर १५५६ मध्ये. खरं तर ते गोव्यासाठी नव्हतंच. जेझुइट मिशनऱ्यांबरोबर ते अबिसीनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, जायचं होतं. वाटेत गोव्यात थांबलं आणि तिथलंच झालं. हुआन दे बुस्तामांते नावाचा छापणारा त्याच्याबरोबर होता. त्या यंत्रावर आधी काय छापलं गेलं? सेंट पॉल कॉलेजातल्या वादविवादासाठी तयार केलेली तत्त्वज्ञानातली प्रमेयं! माझ्या विषयाच्या लोकांनी याचा थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही. पण ती प्रमेयं युरोपीय विद्येची होती, रोमन लिपीत होती. यंत्र होतं, शाई होती, कागद होता, छापणारा होता. मराठीचं मात्र एक अक्षर उमटलं नाही.

आता साठ वर्षं पुढे या. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांनी इथली भाषा अशी आत्मसात केली की अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' लिहिलं. मराठीवर या माणसाचं किती प्रेम होतं हे मी तुम्हाला सांगायला नको. तो ग्रंथ १६१६ मध्ये रायतूरला छापला गेला, पण देवनागरीत नाही, रोमन अक्षरांत. ओवी मराठी, शब्द मराठी आणि कपडे परके. का? १६०८ मध्ये त्यांनी रोमला आपल्या वरिष्ठांना पत्र लिहिलं, त्यात कारण सापडतं. त्यांच्या मनात इथल्या लिपीत छापायचं होतं. अडचण होती साच्यांची. रोमन लिपीला चोवीस साचे पुरतात, इथल्या लिपीला सहाशेच्या घरात लागतात, असा त्यांचा हिशेब होता. काना, मात्रा, वेलांटी, रफार, जोडाक्षरं सगळी धरून.

हा चोवीस आणि सहाशेचा हिशेब लक्षात ठेवा. यंत्र तेच, दाब तोच, माणसंही तीच. तामिळ लिपीत तर १५७८ मध्येच कोल्लमला पुस्तक छापलं गेलं होतं, म्हणजे भारतीय लिपी छापता येत नाही असंही नव्हतं. अडलं होतं ते फक्त लिपी आणि यंत्र यांच्यामधल्या सांध्यावर.

दुसरा प्रसंग सुरतेचा. भीमजी पारेख नावाचे मोठे व्यापारी होते, ईस्ट इंडिया कंपनीशी व्यवहार असलेले. आपले जुने ग्रंथ छापून निघावेत अशी त्यांची इच्छा. १६७० च्या सुमारास त्यांनी कंपनीकडे छापणारा मागितला. कंपनीने तो पाठवला. हेन्री हिल्स नावाचा माणूस १६७४ मध्ये यंत्र आणि कागद घेऊन मुंबईला आला. वर्षाला पन्नास पौंड पगार. आणि मग कळलं की या माणसाला छापता येतं, अक्षरं पाडता येत नाहीत! भीमजींनी पैसे खर्च केले, आपल्याच माणसांकडून खिळे पाडून घ्यायचा प्रयत्न केला, पण ग्रंथ काही छापून निघाले नाहीत.

बघा, मागणी काय होती आणि पुरवठा कशाचा झाला. अडचण अक्षराची, आणि पाठवलं यंत्र. आज ऑफिसात जेव्हा "नवा प्रिंटर मागवा" असं कुणी म्हणतं, तेव्हा मला भीमजी पारेख आठवतात.

मग मराठीने हा सांधा कसा जुळवला? तीन वाटांनी. या तिन्ही वाटा आजच्या प्रिंटरमध्ये जशाच्या तशा सापडतात, म्हणून नीट सांगतो.

पहिली वाट चित्राची. गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत दगडावरचा छापखाना, म्हणजे शिळाप्रेस, घातला आणि १८३१ मध्ये पंचांग छापलं. शिळाप्रेसमध्ये खिळे लागत नाहीत. लेखनिक विशिष्ट शाईने सगळं पान हाताने लिहितो, ते दगडावर उतरतं आणि दगडावरून कागदावर. यंत्राला 'क' काय आणि 'ख' काय, कळायची गरजच नाही. त्याच्या दृष्टीने सगळं पान म्हणजे एक चित्र. सहाशे साच्यांचा प्रश्नच मिटला. पण किंमत अशी की प्रत्येक पान पहिल्यापासून लिहायचं. आज जुळवलेली अक्षरं उद्या दुसऱ्या पानाला कामाला येत नाहीत, आणि एक शब्द चुकला तरी त्रास.

दुसरी वाट अक्षराची. देवनागरीचे खिळे सेरामपूरला पडू लागले होते. विल्यम केरींचं मराठी व्याकरण तिथे १८०५ मध्ये छापलं गेलं. पण आपण आज ज्याला सुंदर मराठी छपाई म्हणतो तिची घडण मुंबईत झाली. गणपत कृष्णाजींनी पुढे खिळेही केले, आणि त्यानंतर जावजी दादाजी. १८६९ मध्ये त्यांनी निर्णयसागर छापखाना काढला. अक्षरं कोरणारे राणोजी रावजी आरू त्यांच्याबरोबर होते. ज्याच्या हातात अक्षर कोरायची विद्या आहे असा माणूस या वेळी छापखान्याच्या आतच होता. हेन्री हिल्सकडे जे नव्हतं तेच इथे होतं, म्हणून निर्णयसागरची संस्कृत आणि मराठी पुस्तकं देशभर गेली.

तिसरी वाट म्हणजे लिपीलाच यंत्राजोगं करण्याची. इथे आपलं रत्नागिरी येतं. १९२४ ते १९३७ ही वर्षं सावरकर इथे स्थानबद्ध होते. त्या काळात त्यांनी लिपिशुद्धीची चळवळ हाती घेतली. 'इ, ई, उ, ऊ' ही वेगळी चिन्हं कशाला, 'अ'लाच वेलांटी आणि उकार द्या. जोडाक्षरं एकाखाली एक लिहू नका, शेजारी शेजारी लिहा. यामागे एक सरळ हिशेब होता: खिळे कमी, टंकलेखन सोपं, छपाई वेगवान. आधी टिळकांनीही मराठी खिळ्यांची संख्या कमी कशी करता येईल याचा विचार केला होता. तेही जन्माने रत्नागिरीचेच, १८५६ चे. त्यांच्या राजकारणाबद्दल आपली मतं काहीही असोत, तीनशे वर्षांपूर्वी फादर स्टीफन्स ज्या आकड्याशी अडले त्याच आकड्याशी ही माणसं झगडत होती. अ-ची बाराखडी टिकली नाही. लोकांनी यंत्रासाठी आपला 'इ' सोडला नाही, आणि मला वाटतं बरंच झालं. पुढे यंत्रच शहाणं झालं.

हे झालं अक्षराच्या सांध्याबद्दल. दुसरा सांधा वाटेचा. कोकणाला तो वेगळा सांगायला नको. बाळशास्त्री जांभेकर मूळचे पोंभुर्ल्याचे, तेव्हाच्या रत्नागिरी मुलखातले. पण त्यांचं 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ ला निघालं ते मुंबईत. विद्वान कोकणातला, छापखाना मुंबईत, अशी स्थिती पुढेही पुष्कळ वर्षं राहिली. इथल्या माणसाने लिहायचं, ते आगबोटीने मुंबईला जायचं, तिथे छापायचं आणि पुन्हा आगबोटीने परत यायचं. पावसाळ्यात बोटी बंद. म्हणजे जेठ महिन्यात पाठवलेला मजकूर श्रावण सरला तरी वाटेतच. मुंबईतल्या छापखान्याची गती कितीही वाढली तरी त्याचा इथल्या वाचकाला उपयोग काय? ही आगबोट आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

आता संगणकाकडे येऊ. ऐंशी-नव्वदच्या दशकात ज्यांनी ऑफिसात काम केलं, त्यांना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आठवत असेल. इंग्रजी पत्र दिलं की तो भराभर चालायचा. मराठी पत्र दिलं की त्याचा आवाज बदलायचा, एकेक ओळ तो रांगत छापायचा. कारण काय? इंग्रजी अक्षरं त्याच्या स्मृतीत आधीच घालून ठेवलेली होती. संगणकाने नुसतं सांगायचं, 'ए छाप', 'बी छाप'. देवनागरी त्याला माहीत नव्हती. म्हणून संगणकाला प्रत्येक ओळ ठिपक्यांचं चित्र करून पाठवावी लागायची. पुन्हा शिळाप्रेस! गणपत कृष्णाजींच्या दगडाची जागा ठिपक्यांनी घेतली, एवढंच.

हा सांधा जुळवायला आपल्याकडे मोठं काम झालं. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं जिस्ट तंत्र १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की ही प्रमाण संकेतपद्धती आली, आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली. आज आपण मोबाइलवर मराठी लिहितो ते याच पायावर. 'इ'ही राहिला, जोडाक्षरंही राहिली.

आता ज्याला आपण नेटवर्क प्रिंटिंग म्हणतो ते कुठून आलं? अमेरिकेत कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीची संशोधनशाळा होती, पालो आल्टोला. तिथे गॅरी स्टार्कवेदर यांनी १९७१ च्या सुमारास लेझर प्रिंटर केला. सेकंदाला एक पान छापणारं यंत्र. आता एवढ्या वेगवान यंत्राला पानं पुरवायची कशी? शाळेत प्रत्येकाच्या टेबलावर संगणक, प्रिंटर एकच. १९७३ च्या मे महिन्यात रॉबर्ट मेटकाफ यांनी संगणक एकमेकांना जोडायची जी रीत मांडली ती इथरनेट. आज आपल्या प्रत्येक ऑफिसात ती निळी-पिवळी केबल असते ना, तीच. तिच्या जन्मामागच्या मोठ्या गरजांपैकी एक होती प्रिंटरपर्यंत पान पोचवणं. म्हणजे जाळं आधी आणि त्याला प्रिंटर नंतर जोडला, असं आपण समजतो, ते खरं नाही. जाळं विणलं गेलं तेच प्रिंटरला समोर ठेवून.

एक छोटा हिशेब करू. त्या प्रिंटरवर इंचाला ५०० ठिपके. त्यांच्या मापाच्या एका पानावर सुमारे दोन कोटी चौतीस लाख ठिपके होतात. पहिल्या इथरनेटची गती सेकंदाला एकोणतीस लाख चाळीस हजार ठिपके. म्हणजे पान चित्र म्हणून पाठवलं तर आठ सेकंद, आणि छापायला एकच सेकंद. म्हणून त्या लोकांनी चित्र न पाठवता अक्षरांचे संकेत पाठवले आणि चित्र करण्याचं काम प्रिंटरजवळच्या यंत्राकडे दिलं. निर्णयसागरची वाट, शिळाप्रेसची नाही.

याच काळातली आणखी एक गोष्ट. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा लेझर प्रिंटर आला. तो दुसऱ्या मजल्यावर होता. लोक प्रिंट द्यायचे, बऱ्याच वेळाने जाऊन बघायचे, तर कागद अडकलेला आणि रांग तुंबलेली. आधीच्या प्रिंटरच्या बाबतीत रिचर्ड स्टॉलमन यांनी प्रोग्रॅममध्ये अशी सोय केली होती की कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांना निरोप जावा. नव्या यंत्राचा प्रोग्रॅम मात्र त्यांना दाखवायला कुणी तयार नव्हतं. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीची कथा सांगताना ते स्वतः या प्रसंगाचा उल्लेख करतात. यातली बारीक गोष्ट ध्यानात घ्या. त्यांना कागद अडकणं थांबवता येत नव्हतं. त्यांची मागणी एवढीच होती की जो वाट पाहतोय त्याला कळू द्या, काय झालंय ते. उशीर सोसता येतो. उशिराचं कारण न कळणं जास्त जाचतं.

आता आपल्या ऑफिसात या. साधारण चित्र असं असतं: टेबलावरच्या जुन्या संगणकावरून प्रिंट झटकन येते, नव्या महागड्या लॅपटॉपवरून उशिरा येते. लोक चक्रावतात. कारण कसं शोधायचं?

आपल्या नैयायिकांनी यासाठी अन्वय-व्यतिरेक सांगितला. एक असलं की दुसरं असतं, हा अन्वय. ते नसलं की दुसरंही नसतं, हा व्यतिरेक. दोन्ही पटले तर कारण म्हणा. इंग्रजीत जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात जवळपास याच रीती मांडल्या. नैयायिकांनी आणखी एक सावधगिरी शिकवली, ती अन्यथासिद्धाची. घडा व्हायच्या आधी कुंभाराचं गाढव दारात उभं असतं, माती त्यानेच आणलेली असते. म्हणून गाढव घड्याचं कारण होत नाही. कुंभाराचा बापही होत नाही. ऑफिसात "गेल्या आठवड्यात अपडेट आलं, तेव्हापासून" असं जे आपण ऐकतो, त्यात पुष्कळदा हे गाढव असतं. कधी कधी अपडेट खरोखर कारण असतंही. पण ते तपासल्यावर म्हणायचं.

तपासायचं कसं? हातात घड्याळ घ्या आणि उशिराचे तीन तुकडे करा. पहिला, प्रिंटचा आदेश दिल्यापासून ती लहान खिडकी उघडेपर्यंत. दुसरा, 'ओके' दाबल्यापासून प्रिंटरचा दिवा लुकलुकेपर्यंत. तिसरा, दिवा लुकलुकल्यापासून कागद बाहेर येईपर्यंत. ८८ सेकंदं या तिघांपैकी कुणाच्या वाट्याला आहेत ते लिहून काढा. हे एवढं केलं तरी निम्मं भांडण मिटतं.

पहिल्या तुकड्यात वेळ जात असेल तर प्रिंटरचा काही संबंध नाही. लॅपटॉपच्या यादीत जुने, आता नसलेले प्रिंटर पडून असतात. कधी मुख्य प्रिंटर म्हणून अशाच एखाद्याचं नाव असतं. खिडकी उघडताना लॅपटॉप त्यांना हाका मारत बसतो. गाव सोडून गेलेल्या माणसाच्या दारात उभं राहून हाका मारण्यासारखं. ती मेलेली नावं यादीतून काढली की बहुधा काम होतं.

दुसऱ्या तुकड्यात वेळ जात असेल तर प्रश्न वाटेचा किंवा ओझ्याचा. आधी वाट बघू. टेबलावरचा संगणक केबलवर, लॅपटॉप वाय-फायवर. मग लॅपटॉपलाच तीच केबल लावा आणि तेच पान द्या. लगेच आलं तर दोष वाय-फायचा. प्रिंटरही वाय-फायवर असेल तर पान एकदा हवेतून राउटरकडे आणि पुन्हा हवेतून प्रिंटरकडे जातं. अशा वेळी निदान प्रिंटरला तरी केबल लावावी. केबल लावूनही उशीर होत असेल तर लॅपटॉप प्रिंटरला कोणत्या पत्त्याने ओळखतो ते बघा. विंडोजमध्ये डब्ल्यूएसडी नावाची एक रीत आहे. तिच्यात प्रिंटर आपोआप सापडतो, पण तो कुठे आहे हे लॅपटॉप पुन्हा पुन्हा शोधू शकतो. त्याऐवजी प्रिंटरला कायमचा आयपी पत्ता राखून द्यावा आणि त्या पत्त्यावर थेट टीसीपी-आयपी पोर्टने जोडावं. पोस्टमनला घराचा नंबर सांगितल्यासारखं होतं.

आणि आता ती आगबोट. पुष्कळ संस्थांचं मुख्य कार्यालय मुंबईत असतं आणि शाखा रत्नागिरी, चिपळूण, खेडला. छपाईचा सर्व्हर मुंबईत. शाखेतल्या साहेबांचा लॅपटॉप व्हीपीएनने मुंबईला जोडलेला. ते प्रिंट देतात. प्रिंटर त्यांच्यापासून चार हातांवर. पान जातं मुंबईला, तिथल्या रांगेत उभं राहतं आणि परत येतं रत्नागिरीला. पावसात लाइन मंदावली की झालंच! मायक्रोसॉफ्टनेही ही अडचण ओळखून २०१२ च्या विंडोज सर्व्हरमध्ये अशी सोय दिली की नोंद मुख्यालयात राहावी आणि पान मात्र शाखेतल्या शाखेत प्रिंटरकडे जावं. सोय असते, ती चालू करायला कुणाच्या लक्षात यावं लागतं. व्यतिरेकाची परीक्षा अगदी सोपी: व्हीपीएन बंद करून तेच पान थेट प्रिंटरला द्या.

वाट ठीक असेल तर ओझं बघा. एका पानावर मराठीची दोन हजार अक्षरं धरली तर युनिकोडमध्ये ती सहा हजार बाइटांत बसतात. तेच ए-फोर पान इंचाला ६०० ठिपके या मापाने चित्र केलं तर साडेतीन कोटींच्या आसपास ठिपके होतात. काळ्या-पांढऱ्यात ४३ लाख बाइट, पूर्ण रंगीत केलं तर दहा कोटींच्या वर. दाबून पाठवल्यामुळे प्रत्यक्षात हे बरंच कमी होतं, पण फरक किती पटींचा आहे ते बघा. आपल्या प्रिंटरच्या स्मृतीत आजही मुख्यतः रोमन अक्षरं असतात. देवनागरी फॉन्ट लॅपटॉपने बरोबर पाठवायचा असतो. चांगला ड्रायव्हर असेल तर तो अक्षरांच्या आकृत्या पाठवतो, ते ओझं थोडं. ड्रायव्हर चुकीचा असेल, किंवा पीडीएफ छापताना 'प्रिंट ॲज इमेज' या खुणेवर टिक राहिली असेल, तर सगळं पान चित्र होऊन जातं. जावजी दादाजींचा छापखाना घरात असताना आपण शिळाप्रेस चालवतो. परीक्षा अशी: नोटपॅडमध्ये दोन ओळी लिहून द्या, आणि मग ते मोठं पीडीएफ द्या. पहिलं झटकन आणि दुसरं रखडत आलं, तर वाट निर्दोष आहे, ओझं दोषी. मग ती टिक काढा, उत्पादकाचा योग्य ड्रायव्हर घाला, साध्या पत्राला रंग आणि उच्च दर्जा मागू नका.

तिसऱ्या तुकड्यात वेळ जात असेल तरच प्रिंटरकडे बोट दाखवा. त्याच्यावरचं बटण दाबून त्याचं स्वतःचं चाचणीचं पान काढा. ते लगेच आलं तर यंत्र धडधाकट आहे. पहिलंच पान उशिरा आणि पुढची भराभर येत असतील तर तो झोपेतून उठतोय, गरम होतोय. झोपेची वेळ वाढवा. कागदाचा प्रकार 'जाड' निवडलेला असेल तर तो मुद्दाम हळू चालतो, कारण जाड कागदावर शाई पक्की बसायला जास्त उष्णता लागते. हे सगळं तपासूनही दोष तिथेच राहिला, तर खुशाल नवा प्रिंटर मागवा. भीमजी पारेखांची आठवण मग मी काढणार नाही.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या दृष्टीने मुख्य. या ८८ सेकंदांची किंमत कोण देतं?

मंडणगडहून पहाटेच्या एसटीने निघालेला माणूस जिल्ह्याच्या ठिकाणी येतो. खिडकीपुढे चाळीस जण. प्रत्येकाच्या कागदामागे ८८ सेकंदं वाया गेली तर चाळिसाव्या माणसाच्या वाट्याला तासाभराचा उशीर येतो. तासाभराने त्याची परतीची गाडी चुकू शकते. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क नागरिकाला दिला, ही फार चांगली गोष्ट झाली. पण त्या मुदती दिवसांच्या आहेत. कागद मंजूर होऊन, सही होऊन, फक्त छापून हातात यायचा राहिलाय, त्या तासाची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

आणि त्या तासात बोलणी कुणाला बसतात? खिडकीमागच्या लिपिक ताईंना. त्या बाई तर 'ओके' दाबून हात जोडून बसल्या आहेत. सर्व्हर मुंबईत ठेवायचं त्यांनी ठरवलं नाही, ड्रायव्हर त्यांनी घातला नाही, आणि सेटिंग बदलायचा अधिकारही बहुधा त्यांच्याकडे नसतो. २०२१ मध्ये विंडोजच्या छपाई यंत्रणेत सुरक्षेचा मोठा दोष सापडला, तेव्हापासून ड्रायव्हर घालायला व्यवस्थापकाचीच परवानगी लागते. ते योग्यच आहे. पण मग व्यवस्थापकाने येऊन बघायला हवं. नाहीतर ताईंना दोष देणं म्हणजे घडा वाकडा झाला म्हणून गाढवाला झोडपणं.

न्यायशास्त्राचा अभ्यास कशाला करायचा, असं मला विद्यार्थी विचारायचे. त्याचं एक उत्तर हे आहे. कारण नीट शोधलं नाही तर दोष जवळच्या आणि दुबळ्या माणसावर जाऊन पडतो. तो तिथे पडू नये म्हणून घड्याळ हातात घ्यायचं, तुकडे करायचे, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. फादर स्टीफन्सनी सहाशे साच्यांचा हिशेब मांडला. तो त्यांच्या हयातीत सुटला नाही, पण अडचण कुठे आहे हे त्यांनी अचूक लिहून ठेवलं. लिहून ठेवलेली अडचण पुढे कुणीतरी सोडवतो. तुमच्या ऑफिसातल्या प्रिंटरशेजारी एक वही ठेवा आणि आठवडाभर ती तीन वेळांची नोंद करा. पुढच्या सोमवारी ती वही घेऊन साहेबांकडे जा. नुसत्या तक्रारीपेक्षा तिचं वजन जास्त पडेल.

 काही शंका असतील तर विचारा.